कमरेला दौत

सहा जणांच्या हातात शस्त्रं.
सातवा तागाच्या पांढऱ्या कपड्यात,
कमरेला दौत.
त्याला सांगितलंय, शहरात फिर,
इथलं बघून जे कण्हतात
त्यांच्या कपाळावर खूण कर.
हे सहा तुझ्या मागोमाग येतील,
खूण नसलेल्यांसाठी.

तो कोण, हे लिहिलेलं नाही.

म्हणून शनिवारी, मांडवीतल्या आमच्या मशिदीत,
प्रार्थनेनंतर मनुकांच्या शरबतावर वाद.
हनोखकाका नवगावकर म्हणत, देवदूत. बड्यांपैकी.
शालोम अष्टमकर म्हणत, संदेष्टा स्वतःच,
स्वप्नात स्वतःला ओळखत नाही, इतकंच.
हझानना वाटे, तो अजून यायचाय.
बाबा पेला पालथा घालत म्हणत,
"कारकून आहे तो. मारणारे सहा, लिहिणारा एक.
कुठल्याही खात्यात हेच प्रमाण."

बाबा महापालिकेत. पांढरा शर्ट,
खिशाखाली न निघणारा निळा डाग.
मला त्यांनीच शिकवलं, ती खूण म्हणजे ताव,
शेवटचं अक्षर,
जुन्या लिपीत नुसती फुली.

त्या वर्षी वडाळ्याच्या खाजणात झोपड्या मोजायला गेले.
तांबड्या रंगाचा डबा, ब्रश.
कागद असेल त्या दारावर आकडा,
नसेल त्यावर फुली.
एका बाईने ओली फुली पदराने पुसली.
बाबांनी पाहिलं.
पुन्हा काढली.

"ती कण्हत होती?" मी विचारलं.
"सगळेच," म्हणाले,
आणि मोरीत बसून रॉकेलने
अंगठा घासत राहिले, जेवण गार होईपर्यंत.

नंतरच्या शनिवारी सातव्याची गोष्ट निघाली की
ते चपला शोधायला उठत.

ते गेल्यावर मी पुढचं पान वाचलं.
त्याच माणसाला आता सांगतात,
चाकांच्या मधे हात घाल,
ओंजळभर निखारे घे,
शहरावर उधळ.
तोच माणूस. तेच कपडे.
दौतीचा उल्लेख नाही.

समासात बाबांचं बारीक अक्षर:
"नाही म्हणता येतं का?"
खाली तारीख,
खाजणात गेले त्याच्या आदल्या रात्रीची.

मला वाटत होतं, त्यांनी हे पान उघडलंच नसेल.

आता मशिदीत दहा पुरुष जमले तर जमले.
हझानचा मुलगा मला विचारतो, मावशी, तो सातवा कोण?
मी सांगते, पुढे वाच.
तो निखारे घेतो, आणि बाहेर पडतो.
उधळले की नाही,
त्याचा अहवाल कुठे सापडत नाही.