आतला हिरवा दोरा

मंगळवारी किट्वेच्या बाजारात गाठोडं फुटतं.
पट्ट्या तुटतात, प्लास्टिक फाटतं
आणि दाबून चपटे झालेले कपडे
श्वास घेतल्यासारखे फुगू लागतात.
आम्ही बायका कोपरापर्यंत आत.
बेम्बात ह्याला एकच शब्द आहे, सलाउला:
ढिगात हात घालून उपसत, पारखत निवडणं.
डोळ्यांनी नाही. बोटांनी.

माझ्या बोटांना लोकर लागली.
ओढला तर निघतच गेला,
बाह्या, खांदे, पाठ, केवढी ती पाठ!
करडा ओव्हरकोट,
कुठल्याशा बर्फातल्या माणसाचा.
कॉलरच्या आत शिवलेली पट्टी:
एच. लिंडक्विस्ट, खोली १४.
"म्हाताऱ्यांच्या घरातला दिसतो," गाठोडेवाला म्हणाला
आणि त्याच दमात वीस क्वाचा उतरला.
मी गप्प राहिले.
अजून दहा उतरला.

जून महिना. पहाटे खाणीकडून वारा सुटतो
तेव्हा शाळेच्या वाटेवर कासुबाचे दात वाजतात.

रात्री वीज गेलेली. मशीन हाताचं, त्याला काय त्याचं.
मेणबत्ती, अर्धं ब्लेड,
आणि मांडीवर लिंडक्विस्ट.
शिवणं कुणालाही येतं, उसवायला माणूस लागतो,
असं आत्या म्हणायची
आणि माझ्या हातातली कात्री काढून घ्यायची.
अस्तर सुटलं. शिवणीतून निघाली
धूळ, गवताची एक काडी.
बाहेरून कापड झिजून चकाकत होतं,
आतून मात्र कोरं, विणलं त्या दिवशीसारखं.
म्हणून ठरवलं, उलटवायचा.
आतली बाजू बाहेर.

मग डाव्या कोपराशी आले.
तिथे कुणीतरी आतून रफू केलं होतं,
हिरव्या दोऱ्यानं.
करडा संपला असेल.
किंवा मेणबत्तीच असेल तिकडेही.
किंवा म्हटलं असेल, आत कोण बघतंय.
टाके सगळे उलटीकडे झुकलेले, हात डावखुरा,
आणि दर ओळीच्या शेवटी एखाद-दुसरा जादा,
दोरा तोडवत नसल्यासारखा.
बायको होती त्याची? नर्स?
की तोच, खोली चौदाच्या खिडकीशी,
नाकावर चष्मा, तोंडात सुई?
मी ब्लेड खाली ठेवलं.
टाके मोजले, उगाचच.
बाकी सगळं उसवलं, तेवढं राहू दिलं.

पिठाच्या पिशवीचा कागद कापून माप घेतलं,
साबणाच्या चिपटीनं रेघा मारल्या.
त्याची एक बाही उघडून पसरली
तर कासुबाची अख्खी डावी बाजू निघाली तिच्यातून,
आणि रफू आलं बरोबर कमरेशी.
पहाटेपर्यंत चाक फिरवत होते.
नावाची पट्टी सुयांच्या डबीत टाकली.

कासुबानं घातला, गिरकी घेतली,
थांबली.
"हे हिरवं काय?"
"टाके."
"लोक बघतील."
सात वर्षांची आहे, आणि लोक आत्तापासूनच आहेत तिला.
मी काहीतरी सांगणार होते,
जपण्याबद्दल, हातांबद्दल,
पण शाळेला वीस मिनिटं उरली होती.
कॉलरच्या तुकड्यातून खिसा कापला,
बरोब्बर त्याच्यावर ठेवला,
तीन बाजूंनी टाचला.
हिरवं गेलं.
ती पळाली.

संध्याकाळी आली ती हात खिशात घालूनच.
दप्तर एका हातानं काढलं,
पाणी एका हातानं प्यायली,
चपला तर पायानंच भिरकावल्या.
"आत खरबरीत आहे," म्हणाली.
"गणिताच्या तासाला बोट फिरवत बसले.
एकतीस आहेत."

मी सत्तावीस मोजले होते.
चार अंधारात राहिले असतील.