असं कुणी इथं राहत नाही

अजमानच्या या फ्लॅटमध्ये आम्ही पाच जण
आणि सहावी ती डबी,
पत्त्यांच्या जोडाएवढी,
चपलांच्या रॅकवर, राउटरला खेटून.
कंपनीच्या भंगारातली;
मेमरी कार्ड तेवढं माझ्या पैशाचं.

घरातलं प्रत्येक यंत्र कुठंही जायच्या आधी
तिला पत्ता विचारतं.
ती यादी बघते.
एक लाख एकतीस हजार नावं.
त्यात नाव सापडलं की सांगते,
शून्य, शून्य, शून्य, शून्य.
म्हणजे असं कुणी इथं राहत नाही.

सगळ्यात चिवट आमचा टीव्ही.
बंद असला तरी रात्रभर
दर पंधरा सेकंदांनी मालकाला हाक मारतो:
यांनी आज काय पाहिलं, सांगू?
शून्य.
सांगू?
शून्य.

चुकाही होतात.
पहिल्याच महिन्यात शिहाबचे पैसे तिरूरला जाईनात.
तो मल्याळममध्ये जे बोलला
ते कुठल्याच यादीत बसलं नसतं.
दोन तास मी एकेक नाव सोडून पाहत होतो,
सूपभर खड्यांतून एक गहू वेचावा तसा.
सापडला.
त्या रात्री त्यानं सुरमईचं कालवण केलं.

आमच्या यादीच्या वर देशाचीही यादी आहे.
नेहमीच्या कॉलवर आईचा चेहरा येत नाही.
"तुझ्या त्या डबीलाच सांग की," ती गुहागरहून म्हणते.
तिला कसं सांगू,
ती डबी चपलांच्या रॅकवर असते.

नोंदवही मी रोज चाळतो. चाळू नये.
पहाटे तीन दहा, आतल्या पलंगावरचा फोन:
झटपट कर्ज. झटपट कर्ज.
हैदराबाद, एकेरी तिकीट.
पुन्हा कर्ज.
नाव त्याचं बिभीषण,
घरभेदी मात्र मी निघालो.

सकाळी कर्जवाली सतरा नावं यादीत घातली.
संध्याकाळी काढली.
मी काय त्याचा बाप आहे?

शुक्रवारी, जुम्म्यानंतर, दारात दोघं.
कडक इस्त्री, गळ्यात बँकेचं कार्ड,
हातात कागद:
बिभीषण नरहरी लोमटे.
वडिलांच्या नावात एक अक्षर चुकलेलं.
आतल्या खोलीतला दिवा विझला.
मी म्हणालो,
असं कुणी इथं राहत नाही.
इतकं सहज, की माझं मलाच नवल वाटलं.
एकानं रॅककडे पाहिलं. जोड मोजले असावेत.
मग गेले.
येतील परत, टीव्हीसारखे.

रात्री नोंदवही पुसली,
पुढं लिहूच नकोस म्हणून डबीला सांगितलं.
बिभीषण चहा घेऊन आला, साखर दुप्पट.
बराच वेळ उभा राहिला.
"किती नावं झाली रे यादीत?"
मी एक वाढवून सांगितलं.