कसर

धोबीतलावच्या कुडातली वही
बोस्त्यांवबाबाने केकच्या खोक्यातून आणली.
"उघडताना सांभाळ, मध्येच सुटते,
आमच्या माणसांसारखी."

मी बाइंडर. रोमी लिपीतली कोकणी मला अडखळत येते,
नावं लागतात, आकडे लागतात,
बाकीचं बाबा बोट ठेवून वाचतो.
एका गावाची एक खोली, भिंतीला पेट्या,
संध्याकाळी तेर्स चुकवला तर दंड एक आणा.
रकाने पाच: नाव, वाडो, पेटी,
कुठल्या बोटीवर गेला,
आणि शेवटचा,
परत आला.

पान एकशे बारा.
इनास ग्रासियस. पेटी एकेचाळीस.
बोटीवर भंडारी. सन बेचाळीस.
शेवटचा रकाना रिकामा.
त्याच्याखाली मात्र दरसाल, फेस्ताच्या आदल्या दिवशी,
वेगळ्या हाताने, वेगळ्या शाईने:
पेटी पुसली.
पेटी पुसली.
पेटी पुसली. कुलपाला तेल दिलं.
पेटी पुसली.
पेटी पुसली. उंदराने कोपरा खाल्ला, पत्रा ठोकला.
पेटी पुसली.

"उघडली नाही कधी?"
"चावी त्याच्याकडे ना."

पानाला कसर लागलीय. बारीक, नागमोडी, पार आरपार.
गव्हाच्या सत्त्वाची खळ मी पातळ केली,
कांद्याच्या सालीएवढा कागद फाडला
(कापायचा नसतो, फाडलेली कडच पानात मुरते)
आणि एकेक भोक भरत गेलो.
इनासचं पहिलं अक्षर किड्याने नेलं होतं.
तिथे आता पांढरं ठिगळ.
बाबाने खिशातलं पेन काढलं.
मी म्हटलं, नाही. आमच्या कामात नियम आहे,
जे पानावर नाही ते लिहायचं नाही.
बाबाने पेन मिटलं.
बराच वेळ त्या पाचव्या रकान्याकडे पाहत म्हणाला,
"आम्हीही तोच पाळला."

माझा पणजा कामाठी.
पालमूरकडून चालत आला म्हणतात,
इथल्या खाडीत डोक्यावरून माती टाकली.
मुकादमाच्या वहीत नावं नसत. गडी चाळीस,
बायका बावीस,
पोरं हिशोबात धरली नाहीत.
तीही वही चाळ पाडली तेव्हा वजनावर गेली,
कुणी तिच्यात शेंगदाणे खाल्ले असतील.
चाळिसातला माझा कितवा,
हे विचारायला आता रद्दीवालाही उरला नाही.

हे मी बाबाला सांगितलं नाही.
ब्रशला खळ घेतली.

तेवढ्यात शिलाईच्या घडीतून ती निघाली,
चांदीच्या चुऱ्यासारखी, मेजाच्या पांढऱ्या काचेवर
क्षणभर थबकली.
पहिल्या पानापासून शेवटपर्यंत
ही वही वाचलेली एकटीच.
बाबाने चप्पल उगारली.
मग खाली ठेवली, पायात सरकवली.
"जाऊ दे. पोटात आमचं अक्षर आहे."

रविवारी फेस्त. वही शनिवारी द्यायची.
कुडात आता दहाबारा पेट्या उरल्यात,
जिन्याला टेकू लावलाय,
ट्रस्टी म्हणतात भंगाराचा भाव बरा चाललाय.
मी पुठ्ठा बदलला, पाठीला नवं कापड दिलं,
मागे चार कोरी पानं शिवली.
बाबा बिल बघत म्हणाला, "ही कसली?"
बिलात
धरली नाहीत.