शिरगणती

कॅर्डलाच्या इस्पितळात, धुलाईघराला लागून,
जिथे पूर्वी लोणच्याच्या बरण्या असायच्या
त्या खोलीत आता सर्व्हर आहे.
बाहेर उणे अठरा. आत
यंत्राची आणि इस्त्रीची मिळून ऊब.
उर्वे कोट काढते, खुर्ची ओढते,
राईच्या पावाचा तुकडा कीबोर्डपासून लांब ठेवते.
दोन कीबोर्ड तसेच गेलेत तिच्या हातून.

तालिनहून पत्र आलं होतं:
महिनाअखेरपर्यंत प्रत्येक सर्व्हरवर पहारा बसवावा.
बेट असो, नसो.

पॅकेज उतरलं चाळीस सेकंदांत.
पुढे जायचं? हो की नाही?
हो.

पण बसवला म्हणजे पहारा सुरू झाला असं नाही.
पहारेकरी दारात उभा आहे, काठी हातात,
आणि त्याच्या ओळखीचं इथे कुणीच नाही.
त्याला आधी घर दाखवावं लागतं:
ही फाइल, हिचं वजन, हिचा मालक,
हिला कोण हात लावू शकतं,
आणि हा हिच्या बोटाचा ठसा.
एक लाख त्र्याऐंशी हजार नावं.
आज जो जो दिसेल
तो तो त्याच्या लेखी घरचा.

इथे उर्वेचा हात थांबतो.
चोर आधीच आत शिरून बसला असेल तर?
तर त्याचंही नाव चढेल यादीत,
आणि उद्यापासून पहारेकरी
त्याला रोज सलाम ठोकेल.

म्हणून आधी स्वतःच फिरते ती, खोलीखोलीतून,
मूळ प्रतीशी एकेक ताडून बघत.
पाव वाळतो.
दोनच्या सुमारास सापडतं:
रोज रात्री तीन वाजून दहा मिनिटांनी
काहीतरी जागं होतं,
एक ओळ लिहितं, झोपतं.
मालक: एंडेल.

एंडेलला जाऊन दोन वर्षं झाली.
वरच्याच मजल्यावर, खिडकीजवळच्या खाटेवर.
त्याचं खातं कुणी बंद केलं नाही;
कुणी म्हणजे उर्वेनं.

ती फाइल उघडते.
खिडकीबाहेर लोंबणारा तापमापक
(ती आजवर त्याला तुटकी वायर समजत होती)
आकडा सांगतो,
आणि एंडेलचा हिशोब ठरवतो
समुद्राच्या बर्फावरून पलीकडे गाडी न्यावी का.
सातशे एकेचाळीस ओळी.
सातशे एकेचाळीस वेळा:
अजून नको.

ती बराच वेळ नुसती बसून राहते.
मग एंडेलचं खातं कुलूपबंद करते,
चूक वहीत लिहिते, तारखेसकट,
आणि त्या छोट्या प्रोग्रामच्या मालकाच्या जागी
स्वतःचं नाव घालते.

आता शिरगणती.
एक आज्ञा, आणि पडदा मुका.
पंखा तेवढा जोरात श्वास घेऊ लागतो.
पाच वाजता माइमू चादरींचा ढीग घेऊन येते, विचारते,
बिघडलंय का?
नाही, मोजतंय.
काय मोजतंय?
सगळंच.
माइमू मान हलवते, इस्त्री लावते.

यादी तयार होते. तिच्या नावात ‘नवी’ असा शब्द असतो,
तो हातानं पुसावा लागतो;
तोवर पहारेकरी तिला मानत नाही.
उर्वे पुसते. एक प्रत पेनड्राइव्हवर घेऊन
मॉर्फिनच्या कपाटात ठेवते,
ज्याला दोन किल्ल्या लागतात
आणि दोन माणसं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिला अहवाल येतो.
नवीन: काही नाही.
गहाळ: काही नाही.
बदललेलं: एक.

त्या ओळीआधी एक उद्गारचिन्ह टाकलं
की ती मोजणीतून सुटेल, तक्रार थांबेल.
नियमही तेच सांगतात: रोज उगाच भुंकणाऱ्या कुत्र्याकडे
एक दिवस खरा चोर आला तरी कुणी बघत नाही.
तिला हे पटतं. चिन्हावर बोटही जातं.

उद्या करू, म्हणते,
आणि फाइल उघडून बघते
रात्री काय लिहिलंय.