जे दिसलं तेवढंच

पहिल्याच तासाला बर्निस सॉकनं फळ्यावर लिहिलं:
'मूल रागावलं' असं लिहायचं नाही.
मूठ आवळली, लिहा. ठोकळा फेकला, लिहा.
डावा हात, निळा ठोकळा, नऊ वाजून चौदा मिनिटं.
राग तुम्ही पाहिलेला नाही, म्हणाली,
तो तुम्ही घरून येताना आणलात.

वर्गात बावीस पोरी, आणि मी.
एकोणपन्नास वर्षांचा, कागदगिरणीतून सुटलेला,
उजवी करंगळी अर्धीच.
मिरामिशी नदीच्या काठी गिरणी चालू होती तेव्हा
वाऱ्याला सडक्या कोबीचा वास यायचा,
आम्ही त्याला पगाराचा वास म्हणायचो.
आता वाऱ्याला वास नाही.

डायपर बदलायची परीक्षा बाहुलीवर.
भिंतीवर सव्वीस पायऱ्या छापलेल्या.
मी एकविसावी विसरलो:
बाळाशी बोलणे.
बाहुलीशी काय कपाळ बोलणार?
शेजारची शँटेल, माझ्या मुलीहून लहान,
पुटपुटली, हवापाण्याचं बोल, एडगर.
मग मी त्या रबरी पोराला सांगितलं
की यंदा नदी उशिरा गोठेल,
आणि भाच्याची बोट अजून पाण्यातच आहे.
पास झालो.

वाढीचे टप्पे पाठ करायचे होते.
सहाव्या-सातव्या महिन्यात बसतं,
वर्षाच्या आगेमागे उभं राहतं.
प्रत्येक टप्प्यापुढे एक रिकामी चौकट.
सरावासाठी ओळखीचं एखादं मूल आठवा, असं वर छापलेलं.
माझी मोनिक केव्हा बसली,
कशाला धरून उभी राहिली,
मी रात्रपाळीला होतो.
पान उलटलं.

नोव्हेंबरात पाळणाघरात पाठवलं.
एमेरिक, वय तीन वर्षं दोन महिने.
मी वहीत लिहिलं:
बुटाला कुणाला हात लावू देत नाही.
दारापाशी बसतो.
बर्फातल्या सूटची चेन वर-खाली, अकरा वेळा.
खिडकीत लाल गाडी दिसली की उठतो.
ती दुसऱ्याच कुणाची निघाली की बसतो.
आणि खाली, राहवलं नाही म्हणून:
आईची वाट पाहतो.
बर्निसनं ते खोडलं नाही.
समासात पेन्सिलीनं एवढंच,
तुला कुणी सांगितलं?

दुसऱ्या सत्रात मोठ्या मुलांचं वसतिगृह.
सहा मुलगे, एक मांजर, आणि रात्रपाळी.
रात्रपाळी मला काय नवी!
कोल्बी, पंधरा वर्षांचा, दार लावून घेतो.
सूचना अशी: ठोठवा, नाव सांगा, थांबा.
ठोठावलं. नाव सांगितलं. थांबलो.
गिरणीत कुणी थांबलं तर फोरमन धावत यायचा,
इथं थांबणं हेच काम.
चार टोस्ट भाजले. दोन मी जिन्यावर बसून खाल्ले,
दोन बशीत, उंबऱ्याशी.
दोन चाळीस: दार चार बोटं उघडलं.
दोन एक्केचाळीस: दार बंद. बशी आत.
'भूक' लिहिलं नाही.
'विश्वास' तर नाहीच नाही.
सकाळी बशी स्वयंपाकघरात होती, धुतलेली.
कुणी धुतली ते मी पाहिलेलं नाही.

रविवारी मंक्टनहून मोनिकचा फोन.
तू? म्हणाली. दुसऱ्यांची पोरं?
मग एक आवाज आला.
हसली, असं मनात लिहिणार होतो,
पण सवयीनं वही ओढली:
श्वास, तीनदा, तुटक.
सहा सेकंद काही नाही.
तिच्या रस्त्यावरून कचऱ्याची गाडी गेली.
मग तिनं विचारलं,
काय खायला देता रे त्या बारक्यांना?
वाटाणे, म्हटलं. बुधवारी वाटाणे.
एमेरिकनं एक नाकात घातला होता, डाव्या.
काढलास कसा?
सांगतो, म्हटलं,
आणि खुर्ची जवळ ओढून घेतली.