जोर लावा

आठ दिवस मी त्रिशला मगदूमना सांगत होते,
जोर लावा.
नेमिनाथनगरच्या मैदानावर, सकाळी साडेसहाला,
खांद्यातून वळवा बाई, हे काय पोळपाट-लाटणं आहे का.
त्या वळवायच्या, दात आवळून.
काहीतरी कण्हायचं,
आणि मला वाटायचं, त्याच.

वय बावन्न. मिरजेला लॅबमध्ये लोकांचं रक्त काढतात.
नवव्या दिवशी म्हणाल्या, मॅडम, राहू दे आता.
हे म्हणालेच होते, तुझ्या हातात दम नाही.
उतरल्या, दार अगदी हळू लावलं,
परक्या घराचं लावतात तसं.
मग वाकल्या. बॉनेटखाली मातीत एक लाल ठिपका.
बोटाला लावून बघितला.
नुसतं पुसू नका, म्हणाल्या,
येतंय कुठून ते बघा.
आणि शहर बस पकडायला गेल्या.

मी डावीकडे बसते.
माझ्या पायाखाली जादा ब्रेक आहे, जादा क्लच आहे,
स्टिअरिंग नाही.
घरून मैदानापर्यंत रस्ता सरळ,
आणि धावत्या गाडीचं जडपण हाताला कळत नाही.
जागच्या जागी वळवणाऱ्याला कळतं.

दस्तगीर शिकलगारांनी रात्रभर गाडीखाली
द्राक्षाच्या पेटीचा पुठ्ठा सरकवून ठेवला.
सकाळी त्यावर चार थेंब, एकावर एक चढलेले.
तेल कधी भरलं होतं?
दिवाळीपासून दोनदा, मी म्हटलं, पिते हो जरा.
त्यांनी चष्मा वर केला.
इंजिन पितं, ताई. हे तेल कुणी पीत नाही.
हे नुसतं फिरतं.
कमी झालं म्हणजे बाहेर गेलं.

पोरगा म्हणाला, मामू, सध्या वरून ओतून देऊ?
मामू बोलले नाहीत.
रॉकेलच्या फडक्यानं सगळे पाईप पुसले, वाळू दिले,
मग खिशातून पावडरचा डबा काढला
आणि रबरी नळीवर शिंपडली,
न्हाऊन आलेल्या तान्ह्याच्या मानेवर शिंपडतात तशी.
आता चालू करा. पूर्ण डावीकडे. दोन मोजा, सोडा.
धरून ठेवू नका, पंप रडतो.
आता उजवीकडे.

मी मोजत होते, ते बघत होते.
मग मला खाली बोलावलं.
पांढऱ्यावर एक लाल रेघ,
केसाएवढी,
रबर जिथं लोखंडात शिरतं तिथून निघालेली,
वळसा घेऊन पार खाली, जिथं मी महिनाभर
पंपाला शिव्या देत फडकं फिरवत होते.
थेंब पडतो तिथं भोक नसतं, ते म्हणाले.
उभ्या गाडीत ही थेंब-थेंब पाझरते.
चाक टोकाला नेऊन ताणलं की दाब चढतो.
जेवढा जोर लावाल, तेवढी गळणार.

मी काही बोलले नाही.
आठ दिवस.

नवी नळी दुपारी कोल्हापूरहून आली.
तांब्याचे दोन वायसर, जुने पुन्हा घातले नाहीत.
पुढची चाकं अधांतरी उचलून
इंजिन बंद ठेवून इकडून तिकडे, इकडून तिकडे,
डबीत दुधासारखा फेस,
बुडबुडे वर येऊन फुटायचे, आणि पातळी घसरायची,
पुन्हा भरायचं.
शेवटचा बुडबुडा निघेपर्यंत मामूंनी बिडी पेटवली नाही.

रात्री फोन केला.
तुमचे हात नव्हते हो ते. नळी होती.
पलीकडे कुकरची शिट्टी झाली, दुसरीही.
मग त्यांनी विचारलं,
किती दिवसांपासून?
दिवाळीपासून, मी म्हटलं.
माफी मागायची होती,
पण आधी तारीखच निघाली तोंडातून.

साडेसहाला आल्या. हातात भडंगाची पुडी.
पहिल्याच वळणाला सवयीनं सगळं अंग ओतलं चाकावर,
आणि गाडी गर्रकन फिरून
रंगाचे दोन डबे आडवे करून थांबली,
कारण ब्रेक माझ्या पायाखाली होता.
एक डबा घरंगळत पार कुंपणापर्यंत गेला.
जास्त झालं, त्या म्हणाल्या,
चाकाकडे बघत,
कुणीतरी खोटं बोललं होतं आणि आज सापडलं, तशा.

माझ्या जिभेवर जुनाच शब्द आला होता.
गिळला.
डबे उचलायला उतरले.