मधला स

सेमिनरी हिल्सवरून फादर इनासनी तपासलेली प्रुफं
इतवारीतल्या प्रेसमध्ये पोचली तेव्हा मे संपत आलेला,
सत्तेचाळीस अंश,
आणि कूलरच्या वाळ्याला गेल्या वर्षीचाच वास.

पान एकशे बारा, ओळ सातवी:
'पित्याचे जे तत्त्व, पुत्राचे तसेच.'
स भोवती लाल गोल. समासात,
खाली दोन रेघा ओढून: तेच.

स उडवला की मात्रा आपसूक त च्या डोक्यावर जाते.
एवढंच काम.

मेश्राम म्हणाले, "एका अक्षरापायी एवढं लाल?
काहून जी बाई?"
मी त्यांना मागचं पान वाचून दाखवलं:
ग्रीकमध्ये तर इतकंही नव्हतं,
एक उभी काडी, मुंगीएवढी.
तिच्यापायी एक बिशप पाचदा हद्दपार;
परत यावं तर नवा सम्राट, नवा हुकूम, पुन्हा वाळवंट.
राजधानीत पावाचा भाव विचारला
तर भटारी सांगायचा, पिता थोर, पुत्र धाकटा.
हमामात विचारावं, पाणी तापलं का,
तर उत्तर, पुत्र शून्यातून झाला.
"म्हणजे आपल्या पानठेल्यासारखंच,"
म्हणत मेश्राम चहा सांगायला गेले.

मी पेन उघडून बसले.

माझा भाऊ शाद्रक गेला त्याला अकरा वर्षं.
परवाच्या रविवारी सदरला, चर्चबाहेर,
त्याचा ओबेद मोटारसायकल स्टँडला लावत होता
आणि सुमतीआत्या काठी टेकून थांबली:
"अगं, तेच डोळे!"
वहिनी हळूच म्हणाली,
"तसेच, आत्या. तेच नाहीत."
ते डोळे तिनं मिटले होते, स्वतःच्या हातानं.
ऑटोत दोघी घरापर्यंत
एकमेकींशी बोलल्या नाहीत.

चाळीस वर्षं विश्वासांगीकार म्हणते आहे मी.
त्या शब्दावर कधी अडखळले नव्हते.

तिसऱ्याचं प्रकरण अजून यायचंय.
फादरची चिठ्ठी: 'आत्म्यावरची पानं सोमवारी.
उशिराबद्दल क्षमस्व.'
तेव्हाही म्हणे त्याच्यावर बोलायला
सगळ्यांना उशीरच झाला होता.

गेलेली लाईट येते. कूलर खडखडतो,
टेबलावरचे कागद एकदम उठतात.
मेश्राम दारातून ओरडतात, "धरा, धरा!"

मी एकशे बारावर हात ठेवते.
स अजून आहे तिथेच,
माझ्या अंगठ्याखाली.